खाऱ्या विहिरीला पूर पाजला

मी जमिनीत पाणी भरतो. म्हणजे भरत होतो. गुडघे बोलू लागल्यापासून दुसऱ्यांना भरायला सांगतो. हे वाक्य आयुष्यात जिथे जिथे बोललो, तिथे तिथे समोरच्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या बायकोकडे पाहिलं. तिच्याकडे पाहण्यात कीव असायची. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांतल्या एका काकांनी विचारलं, "म्हणजे टँकर हायेत तुमचे?" मी म्हटलं, "टँकर नाही. परतवाड्यापासून अकोल्यापर्यंतची जमीन हाये. तिच्यातनी भरतो." सोयरीक जुळली. एवढी जमीन असलेला व्याही कोण सोडतो?

तसा मी या धंद्यात उलट्या दाराने आलो. आधी बोअरच्या गाडीवर होतो. परतवाड्याच्या वरच्या अंगाला, जिथे सातपुडा खाली उतरून पाय पसरतो, तिथे जमिनीखाली माती कमी आणि गोटे जास्त. एकेक गोटा म्हशीएवढा. एकदा आमचा हातोडा अशा गोट्यावर बसला की चिखलदऱ्याला कॉफीच्या झुडपांवरून पिकलेली फळं टपाटप खाली पडली आणि बागवाल्यांनी मोसम लवकर आला म्हणून पेढे वाटले. खोटं वाटत असेल तर आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारा. तो आता नाही, पण असता तर याहून वाढवून सांगितलं असतं.

दरवर्षी आम्ही आदल्या वर्षीपेक्षा खोल जायचो. संत्र्याच्या बागा वाढत होत्या आणि पाणी आमच्या पुढे पुढे पळत होतं, जसं काही ते आमचं देणं लागत होतं. शेवटी माझ्याच ध्यानात आलं की ज्या भांड्यात कुणी काहीच टाकत नाही, ते भांडं खरवडण्याची मी रोजी घेतो आहे. मग मी भरणाऱ्यांच्या बाजूला गेलो.

काम सांगायला सोपं आहे. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो. तो पूर पूर्णेत जातो, पूर्णा तापीत, तापी समुद्रात, आणि समुद्राला आपल्या पाण्याची गरज नाही. त्या पुरातलं वरचं वर काढून घ्यायचं. आधी एका खड्ड्यात थांबवायचं, म्हणजे गाळ खाली बसतो. तिथून दुसऱ्या खड्ड्यात, ज्यात खाली मोठे दगड, त्यावर गिट्टी, त्यावर रेती. चहा जसा गाळणीतून उतरतो तसं ते पाणी उतरतं, आणि नळीवाटे आटलेल्या विहिरीत जातं. विहीर ते आजूबाजूच्या थरांत पसरवते. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, लागेल तेव्हा परत काढायचं. उघड्या तळ्यातलं पाणी सूर्य पितो. जमिनीखाली सूर्याचा हात पोचत नाही.

परतवाड्याकडे तर जमीनच अशी की पाणी दाखवलं की पिते. तिथले एक संत्र्याचे बागवाले होते, गफ्फारशेठ. त्यांच्या विहिरीत पूर सोडायचं सगळं ठरलं आणि आदल्या दिवशी ते गंभीर चेहऱ्याने आले.

"बाबाराव, एक बात बताव. अपुन पानी भरेंगे, और वो बाजूवाला देशमुख मोटर लगाके खेंच लेगा तो?"

"शेठ, जमिनीखाली धुरा-बांध नसतो. थोडं जाईनच."

शेठ रात्रभर झोपले नसावेत. सकाळी देशमुखांना हाताला धरून घेऊन आले. "इनका भी कुआँ भर दो. मेरा पानी इनके यहाँ जायेगा, तो इनका भी मेरे यहाँ आना पायजे." दोघे शेजारी त्या पावसाळ्यात एकमेकांच्या विहिरीत असे डोकावत होते, जणू दोघांच्याही लेकी तिकडे नांदत होत्या.

पण ही झाली गोड्या पाण्याची गोष्ट. मला खरी सांगायची आहे ती खारपाणाची.

अकोल्याकडे, पूर्णेच्या दोन्ही अंगांना, जमिनीखाली पाणी भरपूर आहे. फक्त खारं आहे. किती खारं? मी ज्या गावाची गोष्ट सांगतो आहे, तिथल्या जुन्या विहिरीतले बेडूक पावसात वर आले की कावळे त्यांना तोंड लावत नसत, लोणच्याचे समजून. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून जेवायला बोलावतात. पिण्याचं पाणी नळाने लांबून येतं. विहिरीच्या पाण्याने चहा केला तर दूध फाटतं आणि तुरीची डाळ चुलीवर दिवसभर ठेवली तरी शिजत नाही, दाणा दाण्याला ओळख देत नाही. पिकाला ते पाणी दिलं तर आधी पान करपतं आणि मग जमीनच फरशीसारखी होते. म्हणून काळी कसदार जमीन असूनही सगळी शेती पावसावर. हिवाळ्यात हरभरा पेरायचा आणि घाटे भरायच्या वेळी आभाळाकडे पाहायचं. त्या वेळी एक पाणी मिळालं तर पीक दुणावतं. ते एक पाणी त्या गावात कुणी कधी दिलं नव्हतं.

वच्छलाबाईंना ते द्यायचं होतं.

या बाईंचं वावर नाल्याला लागून. नवरा सुधाकर, अत्यंत सज्जन. शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. वावरात आजेसासऱ्यांनी खोदलेली विहीर होती, दगडी, देखणी, काठोकाठ निरुपयोगी. वच्छलाबाई माहेरी परतवाड्याकडे गेल्या असताना त्यांनी गफ्फारशेठची विहीर पूर पिताना पाहिली आणि थेट माझ्या घरी आल्या.

"भाऊ, आमच्या इहिरीले पाजता का पूर?"

"ताई, तुमची विहीर भरलेलीच हाये."

"खाऱ्यानं भरेल हाय. तिच्यावर गोडं टाकलं तं?"

मी बायकोला म्हटलं, चहा ठेव, ही बाई मोठी आहे. कारण मर्म तेच आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड. नीट, हळू, गाळून सोडलं तर गोडं पाणी खाऱ्यावर साईसारखं पसरतं. मिसळतं थोडं, पण बरंचसं वर राहतं. आणि मग साय काढतात तसंच वरून, बेताने काढायचं. मी ऐकून होतो, पण खारपाणात स्वतःच्या हाताने कधी केलं नव्हतं. अर्थात हे मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हटलं, "अशा मी पन्नास भरल्या."

अडचण होती पुंडलिकरावांची. हे वच्छलाबाईंचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. वाटण्या झाल्या होत्या तरी दोन्ही वावरांत काय पेरायचं ते पुंडलिकराव सांगत. आवाज असा की त्यांनी धुऱ्यावरून हाक मारली तर पलीकडच्या गावचे बैल थांबत. आणि आमच्याकडची रीत अशी की सून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन तिसऱ्याला सांगायचं, तो तिसरा दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला सांगणार. तो तिसरा सुधाकर. आता सुधाकरकडे निरोप दिला तर तो पोचेपर्यंत त्याचंच मत बदलायचं. म्हणून बहुतेक वेळा तो तिसरा मी झालो.

गाळणीचा खड्डा खणायला घेतला त्या दिवशी पुंडलिकराव आले. वच्छलाबाई बाभळीआड.

"मिस्त्री, काय करून राहिले?"

"पूर विहिरीत सोडतो."

"काहून? नाल्यातनी काटे लागले त्याले?"

"घाटे भरताना हरभऱ्याला पाणी देऊ."

पुंडलिकराव हसले. पारवे उडाले. "या इहिरीचं पाणी? हरभऱ्याले? सुधाकर, तुयं डोकं ठिकाणावर हाय ना बे?"

सुधाकर म्हणाला, "नाही, तसं म्हटलं तं दादा म्हणते ते बरोबर हाय."

बाभळीआडून आवाज आला, "भाऊ, त्यायले सांगा, वावर आमच्या हिश्शाचं हाय."

मी सांगितलं. पुंडलिकरावांनी ते तिथूनच ऐकलं होतं, पण रीत म्हणून माझं बोलणं पुरं होऊ दिलं. मग संध्याकाळी पानठेल्यावर, सगळं गाव हजर असताना, त्यांनी जाहीर केलं: "घाटे भरायच्या वक्ताले या इहिरीचं पाणी गोडं निघालं, तं माया वावरातून नाली काढा, माया इहिरीतही पूर सोडा, मी तोंड उघडनार नाही. अन् खारं निघालं, तं हा खड्डा मी जेसीबीनं बुजवतो, अन् या वावरात काय पेराचं ते इथून पुढं मी ठरवीन. वच्छलानं मंग वावराच्या गोठीत पडाचं नाही." सुधाकरने मान हलवली. घरी निरोप मी नेला. वच्छलाबाई भाकर थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "सांगा, कबूल."

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहायची पद्धत आहे. मी घोरलो. पण स्वप्नात मी पन्नास विहिरी मोजत होतो आणि एकही सापडत नव्हती.

पावसाळा लागला. नाल्याला पहिला पूर आला, चहाच्या रंगाचा, काड्या-कुड्या, चपला, एक टायर आणि कुणाच्यातरी खताच्या ढिगाचा सगळा संसार घेऊन. गाव काठावर. मी फळीपाशी उभा, हातात काठी. ही फळी उचलली की पाणी आमच्या नालीत येणार.

"सोडा ना मिस्त्री!"

"नाही. पहिला पूर जाऊ द्यायचा. ही गावाची आंघोळ हाये. विहिरीला पाजायची नाही."

"पाहा बाप्पा," पुंडलिकराव लोकांना म्हणाले, "पाणी चालून आलं दाराशी, अन् हा माणूस त्याले टाटा करून राहिला."

दुसरा पूरही मी जाऊ दिला. आता गावाला खात्री पटली की मला येड लागलं आहे. खुद्द वच्छलाबाईंनी विचारलं, "भाऊ, एवढाच पावसाळा हाय ना?" आणि मग तिसऱ्या पावसानंतर नाला चढला, मातकट, पण गाळ काठीवर चिकटत नव्हता. मी ओंजळ भरून पाहिली. फळी उचलली.

अहाहा! काय सांगू! पाणी नालीतून असं धावलं जसं शाळा सुटली. पहिल्या खड्ड्यात गरगरलं, थांबलं, दम घेतला. मग रेतीवर पसरलं आणि रेती ते पिऊ लागली, सूं सूं करत. आम्ही सगळे विहिरीच्या काठावर पोटावर पडून आत पाहत होतो. नळीचं तोंड कोरडं. पुंडलिकरावही पोटावर. मग एक थेंब पडला. मग धार. मग अशी धार की विहिरीतले सगळे पारवे एकदम फडफडून उडाले आणि आजपर्यंत परत आले नाहीत; अकोल्याच्या बसस्थानकावर जे दिसतात ते तेच. आवाज असा घुमला की बुढ्या माणसांनी हात जोडले. माझ्याने राहवलं नाही. मी काठी टाकून नाचलो. सुधाकर माझ्याबरोबर नाचला. मग त्याने दादांकडे पाहिलं आणि थांबला. मग वच्छलाबाईंकडे पाहिलं आणि परत नाचू लागला.

पावसाळाभर ती विहीर पूर पीत होती. मध्ये मध्ये रेतीवर गाळाची पापडी धरायची, ती मी खरवडायचो. हे खरवडणं म्हणजे या कामाचा जीव आहे. ज्या गावांनी ते सोडून दिलं, तिथले माझे खड्डे आज डबकी झाली आहेत, त्यात म्हशी बसतात. त्या गावांवरून एसटी जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघतो.

पाऊस गेला. हरभरा पेरला. थंडी पडली तेव्हा मी बादली सोडून विहिरीच्या वरच्या थराचं पाणी काढलं आणि जिभेवर ठेवलं. माझ्या जिभेबद्दल आत्मस्तुती करत नाही, पण एका थेंबावर मी तालुका सांगतो, दुसऱ्यावर गाव, आणि तिसऱ्यावर वावराच्या मालकाचा स्वभाव. पाणी गोडं होतं. तसं खिशात क्षार मोजायचं मीटरही होतं. त्यानेही माझ्या जिभेला दुजोरा दिला.

गावात बातमी फुटली. आणि इथेच माझी चूक झाली म्हणा किंवा माणसाचा स्वभाव मी विसरलो म्हणा. मला वाटलं पुंडलिकराव चिडतील. ते उलटेच. ते फुलले! आमच्या आज्याची इहीर, आमच्या खानदानाची इहीर! एका दिवसात ते तिचे जन्मदाते झाले. सासुरवाडीला फोन, बहिणींना फोन. वावरात रोडग्यांचा सयपाक ठरला. विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, सगळी सोयरीक. मी मात्र परतवाड्याकडे दुसऱ्या कामावर होतो आणि जाताना सांगून गेलो होतो: घाटे भरेपर्यंत विहिरीला हात लावायचा नाही.

आता वऱ्हाडात नवी विहीर लागली की काय करतात? तिचा जोर दाखवतात. मोठं इंजिन लावायचं, धो धो उपसायची, पाहुण्यांनी काठावर उभं राहायचं आणि म्हणायचं, "बाप्पा, हटत नाही बे पाणी!" जेवढं उपसून पाणी हटत नाही, तेवढी मालकाची इज्जत. ही रीत चांगली आहे, जिथे खाली गोडं पाणी आहे तिथे.

दुपारी फोन वाजला. वच्छलाबाई. मागे इंजिनाची धडधड आणि पोट्ट्यांचा गलका.

"भाऊ, त्यायनं इहिरीवर टॅक्टरचा पंप लावला! उपसून राहिले!"

"थांबवा!"

"कशी थांबवू? सुधाकर म्हणते दादाले सांगतो, अन् दादाजवळ गेला तं तिकडेच उभा हाय, पाणी हटत नाही म्हणून टाया वाजवून राहिला!"

"ताई, खालचं खारं वर चढून येईल. दूध उतू जाते तसं. एकदा वर आलं की..."

फोन बंद झाला नाही. तो त्यांनी तसाच हातात ठेवला असावा, कारण पुढचं सगळं मी परतवाड्याच्या चौकात उभा राहून कानाने पाहिलं. धडधड जवळ आली. पोट्टे ओरडत होते. मग वच्छलाबाईंचा आवाज, उघडा, तिसऱ्या माणसाशिवाय:

"बंद करा ते!"

आणि पंचपक्वान्नाच्या पंगतीत ताट पडावं तशी शांतता. धडधडसुद्धा गेली. नंतर कळलं, त्या पदर खोचून ट्रॅक्टरवर चढल्या होत्या आणि बंद करायचा खटका त्यांनी स्वतः ओढला होता, सासुरवाडीच्या, बहिणींच्या, सगळ्या सोयरिकीच्या देखत.

जीपमध्ये कोंबून घेऊन मी पोचलो तेव्हा पाहुणे निघून गेले होते. रोडगे राखेतच. पुंडलिकराव विहिरीच्या काठावर एकटे बसले होते. मी बादली सोडली, पाणी जिभेवर ठेवलं आणि थुंकलं.

"खारं?"

"खारं."

त्यांनी बादली स्वतःकडे ओढली आणि बोट बुडवून चाखलं. मग म्हणाले, "मले काय माहीत हो, मिस्त्री. मी तं तिची शान दाखवून राहिलो होतो."

आता गंमत पाहा. पैज ते जिंकल्यातच जमा होते. त्यांच्याच पंपाने. आणि जिंकलेला माणूस इतका रडवेला मी आधी कधी पाहिला नव्हता, निवडणुकीतही नाही. जे बोलून बसले ते सगळ्या गावासमोर. शब्द फिरवला तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. घाटे भरताना पाणी खारं, तर जेसीबी त्यांनाच आणावा लागणार होता आणि वच्छलाबाईंच्या हातून वावर त्यांनाच काढून घ्यावं लागणार होतं.

वच्छलाबाई आल्या. पदर डोक्यावर परत आला होता, पण बोलल्या थेट. "भाऊ, सारं गेलं का?"

"सारं नाही. पावसाळाभर पाजलेलं गोडं पाणी विहिरीभवती चहूकडे पसरलेलं हाये, या हरभऱ्याखाली. खारं मधोमध उंच चढलं. आता कुणी हात लावला नाही तर ते जड हाये म्हणून हळूहळू बसेल आणि गोडं परत सरकेल."

"नक्की?"

या वेळी मी पन्नास विहिरी सांगितल्या नाहीत. म्हटलं, "नक्की नाही."

मग काही आठवडे आम्ही विहिरीभोवती बाळंतिणीच्या खोलीसारखे वागलो. कुणी बादली टाकायची नाही, दगड टाकायचा नाही. पुंडलिकराव येत, काठाशी उभे राहत, खाली पाहत आणि खोकलासुद्धा दाबत. मी मोठ्या पंपाच्या जागी लहान मोटर आणली. ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब फुगवून पाण्यावर तरंगत सोडली आणि नळीचं तोंड त्या ट्यूबखाली, पाण्याच्या अगदी वरच्या पातळीला, लटकवलं. म्हणजे पाणी उतरलं तरी तोंड वरवरचंच घेणार. खोल तोंड घालायची सोयच ठेवली नाही.

घाटे धरले. दाणा भरू लागला. सकाळी वावरात गाव जमलं. पुंडलिकरावांनी मला नाल्याकडे नेलं.

"मिस्त्री, चाखून मलेच सांगा लागते ना? मी गोडं म्हणतो. कसंही असलं तरी. कोणाले समजते?"

"हरभऱ्याला समजते ना. खारं असलं तर आठवड्यात पानं लाल होतील आणि जमीन कायमची जाईल. तीही ताईंचीच."

ते काकुळतीला आले. "मंग मी काय करू?"

करायची वेळच आली नाही. वच्छलाबाईंनी विहिरीशेजारी तीन दगड मांडून चूल पेटवली होती. वरचं पाणी पातेल्यात काढलं, त्यात तुरीची डाळ आणि हळद टाकली. मीठ नाही.

"जिभेवरून भांडणं होते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "कोणाले गोडं लागते, कोणाले खारं. डाळ शिजली तं पाणी गोडं. नाही शिजली तं आणा जेसीबी."

खारपाणातल्या माणसाला यापुढे कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. सगळं गाव एका पातेल्याभोवती बसलं. मी आयुष्यात बरेच पूर पाहिले, बोअरचं पाणी झाडाएवढं उडालेलं पाहिलं, पण त्या डाळीच्या पहिल्या उकळीएवढी धडधड मला कशाने झाली नाही. डाळ फिरत होती, फेस येत होता. एक बुढी म्हणाली, "फुगली." दुसरी म्हणाली, "फुगते तं खाऱ्यातही, फुटत नाही." तिसरी म्हणाली, "जाळ सार." पानठेलेवाला दुकान उघडं टाकून आला होता. सुधाकर एकदा म्हणाला, शिजून राहिली. एकदा म्हणाला, नाही शिजत. वच्छलाबाई कुणाकडेच पाहत नव्हत्या. पळी हातात, डोळे पातेल्यात, पदर कधीच खांद्यावर उतरलेला.

मग त्यांनी पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला डाळ दाबली. उचलली. पळीला पिवळं लागलं होतं, सरसरीत, एकजीव.

सगळ्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी वाटीत डाळ वाढली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्यापुढे धरली. त्यांनी फुंकर मारली नाही, तसाच भुरका घेतला. तोंड पोळलं असणार. डोळ्यांत पाणी आलं, ते पोळल्याचं की कसलं ते मी विचारलं नाही. आणि मग तो आवाज, ज्याने पलीकडच्या गावचे बैल थांबत:

"अळणी! अळणी हाय! अबे, मीठ आणा!"

त्या विहिरीच्या काठावर बसून मीठ मागणारा तो पहिला माणूस. लोक उठले, पातेलं वाटी वाटी करत कुठे गेलं कळलं नाही. मी मोटर चालू केली. ट्यूब पाण्यावर डुलली, नळी थरथरली आणि तुषाराचे फवारे हरभऱ्यावर फिरू लागले, चक चक चक, उन्हात. पोट्टे त्यात घुसले, आम्ही त्यांना हाकललं आणि मग आम्हीच घुसलो.

वच्छलाबाई मात्र विहिरीत पाहत उभ्या होत्या. ट्यूब थोडी उतरली तसा त्यांनी हात वर केला. मी मोटर बंद केली. वावराचा अलीकडचा भाग ओला, पलीकडचा कोरडा.

पुंडलिकरावांचे साळे शेजारच्या गावाहून मुद्दाम आले होते. ते पुढे झाले. "जवाई, एवढ्यात बंद? अजून बम पाणी दिसून राहिलं ना खाली. होऊ द्या पुरं!"

पुंडलिकराव मोटरीच्या आणि साळ्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले. हातात अजून ती वाटी होती.

"इहिरीले दम घेऊ द्या. बाकीचं उद्या," ते म्हणाले. मग वच्छलाबाईंकडे पाहून जरा हळू: "उद्या का परवा, ते तिले विचारा."